वहीतले किलोमीटर

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे पावणेसात वाजले होते. तलावाच्या कठड्यापाशी एक गृहस्थ हातात छोटी डायरी घेऊन उभे होते. त्यांची तेरा वर्षांची मुलगी तिसऱ्या लेनमधून पंचवीस मीटर जीव तोडून पोहायची, भिंतीला हात लावायची आणि मग कठडा धरून दोन-अडीच मिनिटे स्वस्थ श्वास घेत राहायची. पुन्हा पंचवीस मीटर, पुन्हा विश्रांती. तास संपल्यावर गृहस्थ माझ्याकडे आले. आवाज अत्यंत सभ्य, पण डायरीचे पान उघडलेलेच.

"सर, रागावू नका. पण मी मोजलं. तासाभरात ही सगळी मिळून अकराशे मीटर पोहली. त्यातले निम्मे रमतगमत. पलीकडच्या बॅचची मुलं तेवढ्या वेळात अडीच हजार करतात. आम्ही पहाटे पाचला उठतो ते काय पोरीला कठड्याला टेकवून ठेवायला?"

मी त्यांना म्हणालो, "महिनाभर थांबा." घाईच्या वेळी माणूस असेच काहीतरी म्हणतो. पुढची बॅच उभी होती, जीवरक्षक शिट्टी मारत होता. पण त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला महिनाभर थांबा हे काही उत्तर नव्हे. मुलगी पन्नास आणि शंभर मीटरची, म्हणजे झटपट शर्यतींची पोहणारी आहे. तिने लांब पोहावे किती आणि जोरात पोहावे किती, हे ठरवताना माझ्या हातून एकेकाळी एक मोठी चूक झाली. मग ती सुधारण्याच्या नादात दुसरी झाली. त्या दोन चुका सांगितल्याशिवाय डायरीवाल्या गृहस्थांना खरे उत्तर देता येणार नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक कबूल करायला हवे. आपल्याकडे पोहणे म्हणजे मुळात लांब पोहणे. माझी पिढी विहिरीत शिकली. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा आणि काकाने किंवा थोरल्या भावाने वरून ढकलून द्यायचे. पोहता येणे म्हणजे न बुडणे, आणि चांगले पोहता येणे म्हणजे न थकता जास्त वेळ न बुडणे! वर्तमानपत्रांतून आम्ही वाचत मोठे झालो तेही धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे छत्तीस किलोमीटरचे अंतर कापणाऱ्या मुलामुलींबद्दल, संक रॉक ते गेटवेच्या शर्यतीबद्दल. मिहिर सेन यांनी 1958 मध्ये इंग्लिश खाडी पार केली, पुढच्याच वर्षी आरती साहा यांनी. अगदी अलीकडे, 2018 मध्ये, आपल्या पुण्याच्या रोहन मोरेने जगातल्या सात अवघड सागरी खाड्या पोहून पुऱ्या केल्या. ही सारी माणसे थोरच. पण त्यांच्यामुळे आपल्या मनात एक हिशेब पक्का बसला, की जो जास्त अंतर पोहतो तो मोठा. पन्नास मीटरची फ्रीस्टाइल शर्यत आजच्या रूपात ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी 1988 साली, सोलला. अमेरिकेच्या मॅट बियाँडीने ती 22.14 सेकंदांत जिंकली. बावीस सेकंद म्हणजे आपल्याकडे चहाचा पहिला घोट थंड व्हायलाही पुरत नाहीत. एवढ्याशा शर्यतीसाठी वेगळी तयारी लागते, हे आमच्या गावीही नव्हते.

आता पहिली चूक. साल 1993. माझ्याकडे एक मुलगी होती. नाव सांगत नाही, आज ती दोन मुलांची आई आहे. वडील एसटीत कंडक्टर. मुलगी किरकोळ अंगाची, पण पाण्यात पडली की गोफणीतून सुटल्यासारखी जायची. तेराव्या वर्षी पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये तिची माझ्या स्टॉपवॉचवरची वेळ होती 30.6 सेकंद. मी हरखून गेलो. हिच्यावर मेहनत घेतली तर ही राज्यात सोडाच, राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणील, असे सगळ्यांना सांगत सुटलो. आणि मेहनत म्हणजे काय, तर किलोमीटर. मी एक लांबट वही आणली, रोजच्या रकान्यात आकडे भरू लागलो. सकाळी साडेतीन किलोमीटर, संध्याकाळी अडीच. महिन्याची बेरीज करून खाली लाल शाईने दुहेरी रेघ मारायचो. ती रेघ मारताना जे समाधान वाटायचे ते आजही आठवते, आणि आज त्याचीच लाज वाटते.

सहा महिन्यांनी तिची वेळ झाली 31.1. मला वाटले, ट्रायलच्या दिवशी सूर चुकला असेल. किलोमीटर वाढवले. पुढच्या ट्रायलला 31.4. खांदा दुखतो म्हणू लागली. मी म्हटले, सगळ्यांचाच दुखतो. एकदा तिचे वडील ड्यूटीच्या खाकी कपड्यांतच तलावावर आले आणि चाचरत म्हणाले, "सर, पोर ताटावरच झोपते हो. घास हातात नि डोळा लागलेला." मी काय उत्तर दिले असेल? "झोपू द्या, अंगी लागतंय!" दुसऱ्या वर्षी तिने पोहणे सोडले. कारण सांगितले दहावीचे. आपल्याकडे दहावीचे कारण कुठल्याही दुखण्यावर चालते.

तिच्या शरीरात तेव्हा नेमके काय चालले होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतो. आपल्या स्नायूंना तीन चुलींवर ऊर्जा मिळते. पहिली म्हणजे काडेपेटीतली काडी. ओढली की भस्सकन पेटते, पण जोर लावला तर आठ-दहा सेकंदांत विझते. दुसरी म्हणजे वाळलेल्या पाचोळ्याचा जाळ. धग मोठी, पण मिनिटभरात धूर कोंडून जीव घाबरा होतो. शंभर मीटरच्या शेवटी हात शिशाचे होतात ते या चुलीमुळे. तिसरी म्हणजे शेगडीतले कोळसे. रसरसायला वेळ लागतो, प्राणवायू लागतो, पण एकदा पेटले की तासन्‌तास चालतात. तिन्ही चुली एकदमच पेटतात, एक विझल्यावर दुसरी असे नसते. फक्त कुठल्या वेळी कोणाचा वाटा मोठा हे बदलते. पन्नास मीटरच्या शर्यतीत काडी आणि पाचोळा यांचेच राज्य. शंभर मीटरला, म्हणजे सुमारे एका मिनिटाच्या जोराला, कोळशांचा वाटा चांगलाच वाढलेला असतो. शास्त्रज्ञ म्हणतात की साधारण सव्वा मिनिटाच्या जोरकस श्रमात प्राणवायूचा वाटा निम्म्यापर्यंत जातो.

मी काय केले होते? गोफणीसारख्या सुटणाऱ्या मुलीची फक्त शेगडी फुलवत बसलो होतो. रोज सहा किलोमीटर, आणि तेही कसे, तर रेटून. धड सावकाश नाही की हातपाय मोकळे व्हावेत, धड जोरात नाही की झेप वाढावी. स्नायूंतले जे जोरकस धागे पन्नास मीटरला लागतात ते सावकाश पोहण्यात फारसे जागेच होत नाहीत. त्यांना जोरानेच हाक मारावी लागते, आणि तीही ताजेतवाने असताना. माझी विद्यार्थिनी वर्षभरात एकदाही ताजीतवानी नव्हती.

हे मला कळले ते एका डॉक्टर पालकांमुळे. त्यांनी एका परदेशी नियतकालिकातल्या लेखाची झेरॉक्स आणून दिली. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड कॉस्टिल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास, 1991 सालचा. त्यांनी कॉलेजातल्या पोहणाऱ्यांचे दोन गट केले. सहा आठवडे एका गटाने दिवसातून एकदा दीड तास सराव केला, दुसऱ्याने दोनदा दीड-दीड तास. दुप्पट पोहणाऱ्यांचा दमसास दुप्पट सोडाच, पहिल्या गटापेक्षा जास्तही वाढला नाही. उलट त्या काळात त्यांचा झटपट पोहण्याचा वेग घटला, आणि कमी पोहणाऱ्यांचा वाढला. लेख मी दोनदा वाचला. इंग्रजी कच्चे असल्यामुळे नव्हे, तर वहीतल्या लाल रेघा डोळ्यांसमोर येत होत्या म्हणून.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. मी नवमताचा प्रचारक झालो! दुसरी चूक ती हीच. किलोमीटर निम्म्यावर आणले, आणि तेही सगळ्या बॅचचे, अकरा-बारा वर्षांच्या चिल्लीपिल्लींसकट. रोज जोराची कामे, रोज घड्याळ. पालक खूष, कारण वेळा भराभर उतरू लागल्या. एक मुलगा तर बाराव्या वर्षीच जिल्ह्यात पहिला आला. पण पंधराव्या वर्षी तो जिथल्या तिथे. शंभर मीटरमध्ये पंच्याऐंशी मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे, आणि शेवटच्या पंधरा मीटरांत जणू कुणी पाय धरून मागे ओढावे तसा. हाताची फेक आखूड, डोके वर, कंबर खाली. थकला की त्याला पोहता येत नव्हते, कारण थकल्यावरही नीट पोहायचे कसे याची सवय लागेल इतके पाणी त्याने कापलेच नव्हते. कॉस्टिल यांचा अभ्यास कॉलेजातल्या, वर्षानुवर्षे पोहून तयार झालेल्या जवानांचा होता, हे मी वाचले होते. लक्षात घेतले नव्हते.

पाण्याचा एक नियम इथे सांगायलाच हवा. धावणाऱ्याला हवा अडवते, पण पोहणाऱ्याला पाणी अडवते, आणि वेग वाढेल तसा हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हिशेब केला तर दहा टक्के जास्त वेगाने जायला जवळजवळ तेहतीस टक्के जास्त ताकद लागते. म्हणजे नुसता जोर वाढवून फार पुढे जाता येत नाही. अंग लांब, सपाट ठेवून अडथळा कमी करणे हाच स्वस्तातला उपाय. आणि ही गोष्ट सावकाश पोहतानाच अंगात मुरते.

ज्याच्या पोहण्यात ती सर्वांत सुंदर मुरलेली मी पाहिली तो रशियाचा अलेक्झांडर पोपोव. लहानपणी पाण्याला भिणारा मुलगा. आधी बॅकस्ट्रोक पोहायचा. गेनादी तुरेत्स्की या प्रशिक्षकाने त्याला फ्रीस्टाइलकडे वळवले, आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याने पन्नास आणि शंभर या दोन्ही शर्यती जिंकल्या. चार वर्षांनी अटलांटामध्ये पुन्हा दोन्ही. हा माणूस झटपट शर्यतींचा राजा, पण सरावात पुष्कळ अंतर पोहायचा, आणि त्यातले बरेचसे सावकाश. इथे आमच्यासारख्यांची फसगत होते. पोपोवही किलोमीटर करतो, मग आम्ही केले तर काय चुकले? फरक असा की सावकाश पोहतानाही त्याचा हात शर्यतीतल्यासारखाच लांब जायचा, तसेच पाणी पकडायचा. तो अंतर मोजत नव्हता, हात घोटवत होता. पाटीवर 'श्री' गिरवायला लावतात ना मुलांना, तसे. आम्ही मात्र मुलांकडून पाटी भरून रेघोट्या ओढून घेत होतो. 1996 च्या ऑगस्टमध्ये, ऑलिंपिक जिंकून परतल्यावर थोड्याच दिवसांत, मॉस्कोच्या रस्त्यावर एका कलिंगड विक्रेत्यांशी झालेल्या भांडणात पोपोवच्या पोटात सुरा खुपसला गेला. त्यातून उठून तो पुन्हा पोहला, आणि 2003 मध्ये जागतिक स्पर्धेत पुन्हा पन्नास आणि शंभर जिंकला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. विषयांतर झाले खरे, पण हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाचा कॅमेरन मॅकएव्हॉय. 2016 मध्ये निवड चाचणीत त्याने शंभर मीटर 47.04 सेकंदांत पोहून जगाला चकित केले, आणि त्याच वर्षी रिओच्या अंतिम फेरीत तो सातवा आला. पुढची काही वर्षे अशीच गेली. टोकियोनंतर त्याने पाण्याकडे पाठ फिरवली. परत आला तो सगळे उलटे करून. आठवड्याला पंचवीस-तीस किलोमीटर पोहणारा माणूस अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर आला. बाकीचा वेळ वजने आणि दोरी-दांड्यावरचे व्यायाम. पाण्यात उतरायचे ते ताजे होऊन, थोडेच पोहायचे, पण शर्यतीच्या वेगाने. 2023 मध्ये तो पन्नास मीटरचा जगज्जेता झाला, 21.06 सेकंद. 2024 मध्ये पॅरिसला, वयाच्या तिसाव्या वर्षी, ऑलिंपिक सुवर्ण, 21.25 सेकंद.

हे वाचून आता कोणी म्हणेल, झाले तर मग, पोरांनाही आठवड्याला तीन किलोमीटर पुरेत. मला हीच भीती वाटते. मॅकएव्हॉयने किलोमीटर कमी केले ते दीड तप किलोमीटर करून झाल्यावर. बँकेत रक्कम होती म्हणून तो नोकरी सोडू शकला. शिवाय त्याने पन्नास मीटर सोडून बाकी सगळ्यावर पाणी सोडले होते. तेरा वर्षांच्या मुलीने असे काही सोडायचे नसते. ती पुढे पन्नासची होणार की दोनशेची, हे तिलाच अजून ठाऊक नसते.

तिसरे उदाहरण अमेरिकेच्या मायकेल अँड्र्यूचे. वडिलांच्याच हाताखाली तो लहानपणापासून वेगळ्या पद्धतीने शिकला. शर्यतीच्या वेगाने छोटी छोटी अंतरे, मध्ये थोडी विश्रांती, वेळ चुकू लागली की थांबायचे. सॅन डिएगोचे प्राध्यापक ब्रेंट रशॉल यांनी मांडलेली ही पद्धत. चौदाव्या वर्षी तो व्यावसायिक जलतरणपटू झाला. टोकियोमध्ये 2021 साली दोनशे मीटर वैयक्तिक मेडलेच्या अंतिम फेरीत तो दीडशे मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या पन्नासात पाचवा झाला. ऑलिंपिकमध्ये पाचवा येणे ही काही थट्टेची गोष्ट नव्हे, आणि पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये तो चौथाही आला. पण दूरचित्रवाणीवर ते शेवटचे पन्नास मीटर पाहताना मला माझा पंच्याऐंशी मीटरवाला मुलगा आठवला. एका शर्यतीवरून सगळी पद्धत चुकीची ठरत नाही हे मला कळते. आठवण मात्र आवरता येत नाही.

मग आमच्या तलावावर आता काय चालते? बारा वर्षांखालच्या मुलांना मी चारही प्रकार पोहायला लावतो, अंतर हळूहळू वाढवतो, पण सावकाश, आणि हातांचे फटके मोजत. पंचवीस मीटरला वीस फटके लागत असतील तर उद्या एकोणीस. मुलांना हा खेळ वाटतो. त्याच तासात चार-सहा वेळा बारा-पंधरा मीटरची सुसाट धाव, हसतखेळत, स्टॉपवॉच खिशात ठेवून. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून आठवड्याचे दोन दिवस निव्वळ वेगाचे. डायरीवाल्या गृहस्थांनी पाहिला तो यातला एक. त्या दिवशी मुलगी आठ-दहा वेळा पंचवीस मीटर पूर्ण ताकदीने जाते आणि प्रत्येक वेळी अडीच मिनिटे थांबते. का? तर काडेपेटी रिकामी झालेली असते. ती पुन्हा भरायला तेवढा वेळ लागतोच. त्याआधी सोडले तर ती काडीवर नव्हे, पाचोळ्यावर पोहील, वेग घटेल, आणि घटलेल्या वेगाचाच सराव होईल.

आणि गंमत पाहा, काडेपेटी पुन्हा भरण्याचे काम करते ती तिसरी चूल, कोळशांची! ज्याचा दमसास चांगला त्याची पेटी लवकर भरते, दहावी धाव पहिलीसारखी होते. हीट सकाळी आणि फायनल संध्याकाळी, त्यात रिले, असा स्पर्धेचा दिवसही तोच निभावतो. म्हणून आठवड्याचे तीन दिवस लांब पोहणे आमच्याकडेही असतेच. पण ते असे की पोहताना शेजारच्या लेनमधल्या मैत्रिणीशी भिंतीपाशी दोन वाक्ये बोलता यावीत. दम लागून बोलता येत नसेल तर ते लांब पोहणे नव्हे, माझी 1993 ची वही. उरलेल्या एका दिवशी पाचोळ्याचा जाळ, शंभर मीटरच्या वेदनेचा सराव. तो आठवड्यातून एकदाच. दोनदा केला की मुले आजारी पडतात, हे मी पाहिले आहे.

शर्यत जवळ आली की दोन आठवडे आधी अंतर जवळजवळ निम्मे करतो, वेग मात्र कायम. पूर्वी मी स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत मुलांना घासायचो. पेपरच्या आदल्या रात्री जागरण करू नको म्हणून पोरांना बजावणारे पालकसुद्धा याला मान डोलवायचे. सिडनी ऑलिंपिकच्या आधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत 99 जलतरणपटूंच्या वेळा संशोधकांनी तपासल्या. अंतर कमी करण्याच्या त्या काळात त्यांची कामगिरी सरासरी दोन टक्क्यांहून थोडी जास्त सुधारली होती. दोन टक्के म्हणजे काहीच नाही, असे वाटते. तीस सेकंदांचे दोन टक्के म्हणजे सहा दशांश सेकंद. माझ्या 1993 च्या मुलीची वेळ बिघडली होती ती आठ दशांशांनी. यातले बरेचसे निव्वळ दोन आठवडे स्वस्थ बसवून परत मिळाले असते.

आणि ज्यांना दशांशही लहान वाटतो त्यांनी आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला विचारावे. 2008 मध्ये बीजिंगला तो सोळा वर्षांचा होता, आणि पन्नासबरोबर शंभर आणि दोनशे मीटरही पोहला होता. 2010 मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक त्याने आणले. 1986 मध्ये खजान सिंग यांनी रौप्यपदक मिळवल्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला मिळालेले जलतरणातले ते पहिले आशियाई पदक. मध्यंतरी तहसीलदाराची नोकरी करून, पुन्हा पाण्यात उतरून, 2018 मध्ये जाकार्ताला तो पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत गेला. सकाळी हीटमध्ये 22.43 चा राष्ट्रीय विक्रम. संध्याकाळी 22.47. कांस्यपदक गेले 22.46 ला. एक शतांश सेकंद! 2023 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने पन्नास मीटरचे सुवर्ण जिंकले, आणि पत्नी ऋजुताने महिलांच्या पन्नास मीटरचे. ते वाचून मला फार बरे वाटले.

ती 1993 ची मुलगी मला 2011 मध्ये एका लग्नात भेटली. पंगतीत शेजारीच बसली. मी हळूच म्हणालो, "तेव्हा माझं चुकलं गं." ती क्षणभर काही बोलली नाही. मग वाटीतली आमटी ढवळत म्हणाली, "सर, मला इतकी वर्षं वाटायचं, मीच आळशी होते." त्यावर काय बोलणार? वाढपी जिलबी घेऊन आला. मी दोन घेतल्या, खाल्ली एकही नाही.

लांबट वही अजून माझ्या कपाटात आहे. नवी वही केली तिच्यात किलोमीटरचा रकानाच ठेवलेला नाही. त्यात असते पंचवीस मीटरची त्या आठवड्यातली सर्वांत चांगली वेळ, फटक्यांची संख्या, आणि मुलाने स्वतः सांगितलेले: झोप झाली का, भूक लागते का.

डायरीवाले गृहस्थ महिनाभर थांबले. सुरुवातीला माझ्याशी न बोलताच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या हातात माझे स्टॉपवॉच दिले आणि म्हटले, आज तुम्ही लावा. पहिल्या वेळी त्यांनी बटण दाबायला उशीर केला, दुसऱ्या वेळी मुलगी भिंतीला पोहोचण्याआधीच दाबले. तिसऱ्यांदा बरोबर जमले. 14.3. चौथ्यांदा 14.3. पाचव्यांदा 14.2. त्यांचा चेहरा फुलला. "सर, लगेच सोडू या का परत? आत्ता ही गरम आहे!"

"अहो, थांबा," मी म्हणालो. "अजून एक मिनिट पन्नास सेकंद."

त्यांनी घड्याळाकडे पाहिले. मुलगी कठड्याला टेकून, डोळे मिटून, तोंडाने श्वास सोडत होती.